जहाज सुरतेचं, परवाना फ्रेंच, पकडणारा इंग्रज: १७ व्या शतकात तटस्थ जहाजांची लूट 'कायदेशीर' कशी ठरायची?

३० जानेवारी १६९८. कोचीनजवळच्या समुद्रात बंगालहून सुरतेकडे निघालेलं एक मोठं व्यापारी जहाज अडवलं गेलं. नाव होतं 'क्वेडा मर्चंट'. त्यात रेशीम, मलमल, सुती कापड, साखर, अफू, लोखंड आणि सोरा असा माल भरलेला होता. तो मुख्यतः आर्मेनियन व्यापाऱ्यांचा होता आणि त्यात मुघल दरबारातल्या मुखलिस खान या उमरावाचाही वाटा होता. जहाजाचा कप्तान इंग्रज होता आणि जहाजावर फ्रेंच कंपनीच्या नावाचा परवाना होता.

अडवणारा होता कॅप्टन विल्यम किड. त्याच्याकडे इंग्लंडच्या राजाची सनद होती. त्या सनदेनुसार त्याला फ्रेंच जहाजं पकडता येत होती. पण हे जहाज फ्रेंच होतं का? मुघल बादशाहीचं तर इंग्लंडशी युद्ध नव्हतंच.

याच प्रश्नावर पुढे किडला लंडनमध्ये फाशी झाली. पण हा एकट्या किडचा प्रश्न नव्हता. १७ व्या शतकात युरोपात जवळपास सतत कुठे ना कुठे युद्ध सुरू होतं आणि या युद्धांशी संबंध नसलेल्या देशांची शेकडो जहाजं अशीच पकडली जात होती. ही लूट कायदेशीर कशी ठरायची? जहाज तटस्थ आहे हे कोण ठरवायचं? आणि मालकाला दाद कुठे मिळायची? समजून घेऊया.

प्रायव्हेटिअर म्हणजे नेमकं कोण?

समुद्रावर लूट करणाऱ्या सगळ्यांनाच आपण 'चाचे' म्हणतो. पण त्या काळात यात दोन प्रकार होते.

पहिला प्रकार म्हणजे चाचा. त्याच्यामागे कुठलंही सरकार नाही. जो दिसेल त्याला लुटायचं, आणि सापडला तर फाशी.

दुसरा प्रकार म्हणजे प्रायव्हेटिअर, म्हणजे सरकारी सनद घेतलेलं खासगी लढाऊ जहाज. जहाज खासगी मालकाचं, तोफा त्याच्याच खर्चाने बसवलेल्या, खलाशीही त्यानेच नेमलेले. सरकारकडून फक्त एक कागद मिळायचा. त्यात लिहिलेलं असायचं की, अमुक शत्रू देशाची जहाजं आणि माल पकडायला या कप्तानाला परवानगी आहे.

हा कागद असेपर्यंत तो युद्धात सामील असलेला माणूस. कागद नसेल, किंवा कागदात नसलेल्या कुणाला लुटलं, तर तोच माणूस चाचा. दोघांचं काम दिसायला अगदी सारखंच असायचं.

सरकारांना यात काय फायदा होता?

नौदल उभारणं फार खर्चाचं काम. प्रायव्हेटिअरमुळे राजाला स्वतःचा पैसा न घालता शत्रूचा व्यापार तोडता यायचा. वर पकडलेल्या मालात वाटाही मिळायचा. इंग्लंडमध्ये मालाचा दहावा हिस्सा सरकारी खात्यात जाण्याची पद्धत होती.

व्यापाऱ्यांसाठी ही गुंतवणूक होती. चार-पाच जण मिळून जहाज सज्ज करायचे आणि लूट आली की हिस्से वाटून घ्यायचे. बऱ्याच जहाजांवर खलाशांना पगारच नसायचा. लूट मिळाली तर वाटा, नाहीतर काही नाही. त्यामुळे महिनोन्‌महिने शत्रूचं जहाज दिसलं नाही की खलाशी बिथरायचे आणि समोर येईल ते जहाज पकडण्याचा दबाव कप्तानावर यायचा.

फ्रान्सच्या किनाऱ्यावरची डंकर्क आणि सँ मालो ही बंदरं या धंद्यासाठी प्रसिद्ध होती. नेदरलँड्सच्या झीलंड प्रांतातही हा धंदा जोरात होता. इंग्लंडमध्ये तर सरकारी अधिकारीही यात पैसे घालायचे. रोजनिशीसाठी प्रसिद्ध असलेला सॅम्युएल पीप्स हा नौदलाच्या कार्यालयातला अधिकारी. दुसऱ्या इंग्रज-डच युद्धात (१६६५-६७) त्याचा आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांचा 'फ्लाइंग ग्रेहाउंड' या प्रायव्हेटिअर जहाजात वाटा होता. जहाज त्यांनी राजाकडूनच मिळवलं होतं. त्या जहाजाने पकडलेल्या काही जहाजांवरून स्वीडनच्या दूताने तक्रार केली. स्वीडन त्या युद्धात नव्हतं.

म्हणजे ज्यांनी या धंद्यावर लक्ष ठेवायचं, त्यांचेच पैसे त्यात अडकलेले असायचे.

तटस्थ जहाजं का पकडली जायची?

समजा, इंग्लंड आणि नेदरलँड्सचं युद्ध पेटलं. डच व्यापाऱ्याचं जहाज आता समुद्रात निघालं की पकडलं जाणार. मग तो काय करेल? माल डेन्मार्कच्या किंवा स्वीडनच्या जहाजात भरेल. ते देश युद्धात नाहीत, त्यामुळे त्यांच्या जहाजाला हात लावता येणार नाही असा हिशेब.

यात डॅनिश आणि स्वीडिश जहाजमालकांची चांदी व्हायची. युद्धाच्या काळात भाडं वाढायचं आणि काम तर भरपूर असायचं. पण लढणाऱ्या देशाच्या नजरेतून बघितलं, तर तटस्थ जहाज म्हणजे शत्रूचा व्यापार जिवंत ठेवणारी नळीच होती.

त्यामुळे भांडण दोन अगदी साध्या प्रश्नांवर यायचं. जहाज मित्राचं आणि माल शत्रूचा असेल तर काय? आणि जहाज शत्रूचं पण माल मित्राचा असेल तर?

एकाच प्रश्नाची तीन उत्तरं

गंमत अशी की, याला सगळ्यांना मान्य असलेलं एकच उत्तर नव्हतं. निदान तीन वेगवेगळे नियम एकाच वेळी चालू होते.

पहिला नियम जुना, भूमध्य समुद्रातल्या व्यापाऱ्यांच्या रिवाजातून आलेला. त्यात जहाज आणि माल वेगवेगळे धरायचे. शत्रूचा माल मित्राच्या जहाजात सापडला, तर माल जप्त, जहाज मात्र सोडून द्यायचं आणि वर भाडंही चुकतं करायचं. मित्राचा माल शत्रूच्या जहाजात असेल, तर जहाज जप्त आणि माल परत.

दुसरा नियम म्हणजे 'जहाज मोकळं तर माल मोकळा'. जहाजावर तटस्थ देशाचा झेंडा असेल, तर आतला माल कुणाचाही असो, हात लावायचा नाही. याला अपवाद फक्त युद्धसाहित्याचा. डच लोकांना हा नियम सगळ्यात प्रिय होता, कारण त्यांचा जगण्याचा आधारच दुसऱ्यांचा माल वाहून नेणं हा होता. त्यामुळे वेगवेगळ्या देशांशी करार करताना ते हे कलम आग्रहाने घालून घ्यायचे.

तिसरा नियम फ्रान्सचा, आणि सगळ्यात कडक. १४ व्या लुईच्या सरकारने १६८१ मध्ये समुद्राविषयीचा मोठा कायदा केला. त्यानुसार शत्रूचा माल तटस्थ जहाजात सापडला, तर माल तर जप्त व्हायचाच, पण ते तटस्थ जहाजही जप्त व्हायचं.

म्हणजे एकच डॅनिश जहाज, त्यात एकच डच माल. पकडणारा कोण आणि त्याच्या देशाशी करार काय, यावर जहाजमालक वाचणार की रस्त्यावर येणार हे ठरायचं.

बाजू बदलली की तत्त्वही बदलायचं

हे नियम देश किती सोयीने वापरायचे, याचं उत्तम उदाहरण इंग्लंड आहे.

१६७४ च्या फेब्रुवारीत इंग्लंडने डचांशी तह केला आणि तिसऱ्या इंग्रज-डच युद्धातून अंग काढून घेतलं. फ्रान्स आणि नेदरलँड्स मात्र पुढे १६७८ पर्यंत लढत राहिले. आता इंग्लंड तटस्थ झालं. युरोपातला बराचसा वाहतुकीचा धंदा इंग्रज जहाजांकडे आला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये इंग्लंडने डचांशी सागरी करार केला आणि 'जहाज मोकळं तर माल मोकळा' हे तत्त्व मान्य केलं. तेव्हा ते इंग्रजांच्या फायद्याचं होतं.

पण फ्रेंच प्रायव्हेटिअरना ते कुठे मान्य होतं? त्यांनी इंग्रज जहाजं पकडायला सुरुवात केली. डच व्यापारी आपला माल इंग्रज झेंड्याखाली लपवतात, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते पूर्ण खोटंही नव्हतं. पकडलेल्या इंग्रज जहाजांच्या याद्या लंडनमध्ये छापल्या गेल्या आणि लोकांमध्ये संताप पसरला.

यानंतर अवघ्या १५ वर्षांनी चित्र पालटलं. १६८९ मध्ये इंग्लंड आणि नेदरलँड्स एकत्र येऊन फ्रान्सशी लढत होते. त्यांनी ऑगस्टमध्ये आपसात करार केला आणि जाहीर केलं की, फ्रान्सच्या बंदरात जाणारं किंवा तिथून येणारं कुठल्याही देशाचं जहाज पकडलं जाईल. म्हणजे 'मोकळं जहाज' हे तत्त्व गुंडाळून ठेवलं. तेही त्या तत्त्वाच्या सगळ्यात मोठ्या पुरस्कर्त्या डचांना सोबत घेऊन.

डेन्मार्क आणि स्वीडनने याला विरोध केला. एरवी एकमेकांचे वैरी असलेले हे दोन देश १६९१ आणि १६९३ मध्ये एकत्र आले. आपल्या व्यापारी जहाजांना युद्धनौकांचं संरक्षण देऊ आणि जहाजं पकडली तर तशीच परतफेड करू, असं त्यांनी ठरवलं. तटस्थ देशांनी आपल्या हक्कासाठी हत्यार उचलण्याची तयारी दाखवण्याचं हे सुरुवातीचं उदाहरण मानलं जातं.

धान्य हे युद्धसाहित्य आहे का?

एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. तटस्थ जहाजानेही शत्रूला युद्धसाहित्य पुरवायचं नाही. तोफा, दारूगोळा, बंदुका, सोरा, घोडे हे सगळं मनाई माल. तो सापडला तर जप्त.

पण यादी पुढे कुठपर्यंत न्यायची? डांबर, डोलकाठीचं लाकूड, शिडाचं कापड आणि दोरखंडासाठीचा ताग हे सगळं बाल्टिक समुद्राच्या परिसरातून यायचं. याशिवाय जहाज बांधता येत नाही, मग हा युद्धाचा माल की रोजच्या व्यापाराचा? प्रत्येक करारात यादी वेगळी.

सगळ्यात गंभीर वाद धान्याचा होता. १६९३-९४ मध्ये फ्रान्समध्ये पिकं बुडाली आणि भीषण दुष्काळ पडला. त्यात दहा लाखांहून अधिक लोक मेले असावेत, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. फ्रान्सने उत्तर युरोपातून तटस्थ जहाजांमधून धान्य मागवलं. इंग्लंड आणि नेदरलँड्सला मात्र ते पोहोचू द्यायचं नव्हतं. उपासमारीने फ्रान्स लवकर गुडघे टेकेल, असा त्यांचा हिशेब होता.

१६९४ च्या जूनमध्ये धान्याने भरलेला अशा जहाजांचा मोठा तांडा डच युद्धनौकांनी पकडला. डंकर्कचा प्रसिद्ध दर्यावर्दी जाँ बार तेव्हा फ्रेंच नौदलाच्या तुकडीचा प्रमुख होता. त्याने २९ जूनला टेक्सेल बेटाजवळ डचांवर हल्ला केला आणि धान्याची जहाजं सोडवून आणली. फ्रान्समध्ये तो रातोरात लोकांचा नायक झाला आणि राजाने त्याला सरदारकी दिली.

या जहाजांवरच्या तटस्थ खलाशांच्या बाजूने बघा. काही दिवसांत ते एकदा पकडले गेले आणि एकदा सोडवले गेले. दोन्ही वेळा त्यांना कुणी विचारलं नाही.

दोन-दोन कागद, तीन-तीन झेंडे

पकडलं जाण्याची भीती असल्यामुळे प्रत्येक जहाजावर कागदांचा गठ्ठाच असायचा. जहाज कुणाचं याचा दाखला, मालाची पावती, भाड्याचा करार, बंदर सोडल्याचा परवाना, खलाशांची यादी. तटस्थ देशाचं सरकार आपल्या जहाजाला पासही द्यायचं.

आणि जिथे कागदाला इतकी किंमत, तिथे खोटे कागदही आलेच. डच मालक स्वीडिश बंदरातल्या एखाद्याच्या नावावर जहाज 'विकायचा', पण पैसे देवाणघेवाण झालेलेच नसायचे. काही कप्तान कागदांचे दोन संच ठेवायचे. इंग्रज भेटला तर एक, फ्रेंच भेटला तर दुसरा. पकडले जाणार असं दिसताच अडचणीचे कागद दगड बांधून समुद्रात फेकले जायचे. कागद फेकताना कुणी पाहिलं, तर तोच गुन्ह्याचा पुरावा मानला जायचा.

पकडणारेही कमी नव्हते. खोटा झेंडा लावून जवळ जाणं ही त्या काळात मान्य युक्ती होती. आपण फ्रेंच आहोत असं भासवायचं. समोरचा घाबरून फ्रेंच परवाना दाखवतो. मग आपला खरा झेंडा चढवायचा आणि म्हणायचं, "तुमच्याकडे शत्रूचा परवाना आहे, म्हणजे तुम्ही शत्रूच."

'क्वेडा मर्चंट'च्या बाबतीत नेमकं हेच घडलं.

न्याय कसा व्हायचा?

पकडलेलं जहाज थेट पकडणाऱ्याचं व्हायचं नाही. नियम असा होता की, आधी ते बंदरात आणायचं, मालाला हात लावायचा नाही आणि न्यायालयाचा निकाल येईपर्यंत थांबायचं. इंग्लंडमध्ये यासाठी ॲडमिरल्टी कोर्ट होतं. फ्रान्समध्ये जप्त जहाजांसाठी वेगळी समिती होती. नेदरलँड्समध्ये पाच वेगवेगळी नौदल मंडळं हे काम बघायची.

सनद देताना कप्तानाकडून जामीनही घेतला जायचा. त्याने चुकीचं जहाज पकडलं, तर त्यातून भरपाई द्यायची.

सुनावणीत पकडलेल्या जहाजाच्या कप्तानाला आणि खलाशांना ठरावीक प्रश्न विचारले जायचे. जहाज कुठे बांधलं? मालक कुठे राहतो? माल कुणाचा? कुठून कुठे निघालात? कागद फाडले किंवा फेकले का? ही उत्तरं आणि जहाजावर सापडलेले कागद ताडून निकाल द्यायचा. इंग्लंडमध्ये सर लिओलिन जेनकिन्स या न्यायाधीशांचं नाव यासाठी घेतलं जातं. १६६० ते १६८० च्या दशकांत त्यांनी दिलेल्या निर्णयांचा आणि सल्ल्यांचा पुढच्या सागरी कायद्यावर मोठा प्रभाव पडला.

कागदावर ही व्यवस्था बरी दिसते. पण तटस्थ मालकाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. तुमचं जहाज परक्या देशाच्या बंदरात अडकलेलं आहे आणि खटला त्यांच्याच न्यायालयात, त्यांच्याच कायद्याने चालणार. जहाज आणि माल आपलाच आहे हे तुम्हीच सिद्ध करायचं. महिने जातात, खलाशी पांगतात, मासे, फळं, धान्य सडून जातं. शेवटी 'जहाज सोडा' असा निकाल मिळाला, तरी हातात काय उरतं? त्यामुळे अनेक जण निकालाची वाट न बघता काही पैसे देऊन तडजोड करायचे. प्रायव्हेटिअरनाही हे ठाऊक असायचं.

कॅप्टन किडची गोष्ट

आता पुन्हा किडकडे येऊ. विल्यम किड हा स्कॉटलंडचा, न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झालेला कप्तान. फ्रान्सविरुद्धच्या युद्धात त्याने कॅरिबियन समुद्रात प्रायव्हेटिअर म्हणून काम केलं होतं. १६९५ मध्ये लंडनला आला असताना त्याला एक मोठी योजना सांगितली गेली. हिंदी महासागरातल्या चाच्यांना आणि फ्रेंच जहाजांना पकडायचं. पैसे घालणाऱ्यांमध्ये लॉर्ड बेलोमॉन्ट आणि इंग्लंडच्या सरकारमधले बडे सरदार होते. राजाचा वाटा दहा टक्के ठरला.

किडला दोन सनदा मिळाल्या. एक फ्रेंच जहाजं पकडण्यासाठी आणि दुसरी चाच्यांना पकडण्यासाठी. ३४ तोफांचं 'ॲडव्हेंचर गॅली' हे जहाज घेऊन तो १६९६ मध्ये निघाला.

वर्षभर त्याच्या हाताला फारसं काही लागलं नाही. रोगाने खलाशी मेले, जहाज गळू लागलं. १६९७ च्या ऑगस्टमध्ये तो लाल समुद्राच्या तोंडाशी, बाब-अल-मंदेबला जाऊन थांबला आणि मोखाहून निघालेल्या व्यापारी ताफ्याच्या मागे लागला. ताफ्याबरोबर ईस्ट इंडिया कंपनीचं जहाज होतं. त्याने तोफा डागून किडला हाकललं.

तिथून तो आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आला आणि कारवारला कंपनीच्या वखारीजवळ थांबला. तिथे त्याचे काही लोक पळून गेले. त्यांपैकी बेंजामिन फ्रँक्स या जवाहिऱ्याने ऑक्टोबर १६९७ मध्ये मुंबईत कंपनीसमोर जबानी दिली. गोव्याहून पोर्तुगीजांनी पाठवलेल्या दोन जहाजांशीही किडची चकमक झाली. त्याच महिन्याच्या शेवटी वाद होऊन त्याने आपल्याच तोफखान्यातल्या विल्यम मूरला लोखंडी पट्ट्यांची बादली डोक्यात घालून मारलं.

नोव्हेंबरमध्ये त्याने फ्रेंच परवाना असलेलं एक लहान जहाज पकडलं आणि जानेवारीत 'क्वेडा मर्चंट'. दोन्ही वेळा त्याने फ्रेंच झेंडा दाखवला आणि फ्रेंच परवाना मिळवला.

भारतातल्या व्यापाऱ्यांनी असे परवाने ठेवणं यात नवल नव्हतं. समुद्रात कधी इंग्रज भेटणार, कधी डच, कधी फ्रेंच. म्हणून ते वेगवेगळ्या युरोपीय कंपन्यांचे परवाने बरोबर ठेवायचे. त्यांच्यासाठी तो विम्यासारखा प्रकार होता. त्याने जहाज फ्रेंच होत नव्हतं. पण इथे वाचवण्यासाठी घेतलेला कागदच जहाजाला घेऊन बुडाला.

आर्मेनियन व्यापाऱ्यांनी जहाज सोडवण्यासाठी वीस हजार रुपये देऊ केले. किडने ते नाकारले. नंतर त्याने केरळच्या किनाऱ्यावर काही माल विकला आणि पैसा खलाशांमध्ये वाटला. न्यायालयाचा निकाल तर सोडाच, पण न्यायालयापर्यंत हे प्रकरण गेलंच नव्हतं.

सुरतेत काय पडसाद उमटले?

सुरतेतले लोक आधीच चिडलेले होते. १६९५ मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने औरंगजेबाचं 'गंज-ए-सवाई' हे जहाज लुटलं होतं. मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंवर अत्याचार झाले होते. तेव्हा सुरतेतल्या इंग्रजांना कैदेत टाकलं गेलं होतं.

आता पुन्हा एका इंग्रजाने, तेही राजाची सनद घेऊन, दरबारातल्या माणसाचा माल पकडला. मुघल अधिकाऱ्यांना सनद आणि चाचेगिरी यांतला फरक ऐकून घ्यायचा नव्हता. लुटणारे टोपीकर, तर भरपाई टोपीकरांनी द्यावी, ही त्यांची सरळ भूमिका होती. युरोपीय कंपन्यांवर समुद्राच्या सुरक्षेची जबाबदारी टाकण्यात आली.

ईस्ट इंडिया कंपनीचा सगळा व्यापार धोक्यात आला. त्यामुळे किडला चाचा ठरवणं आणि त्याला शिक्षा होणं हे कंपनीसाठी गरजेचं झालं. १६९८ च्या अखेरीस इंग्लंडच्या सरकारने चाच्यांना माफी जाहीर केली. त्यातून एव्हरी आणि किड या दोघांना नाव घेऊन वगळलं.

हरवलेले दोन कागद

१६९९ मध्ये कॅरिबियन बेटांवर पोहोचल्यावर आपल्याला चाचा ठरवलंय हे किडला कळलं. 'क्वेडा मर्चंट' तिथेच सोडून तो आपला भागीदार लॉर्ड बेलोमॉन्टकडे गेला. बेलोमॉन्ट तेव्हा न्यूयॉर्क आणि मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर होता. किडने पकडलेल्या जहाजांवरचे दोन्ही फ्रेंच परवाने त्याच्याकडे दिले. जुलैमध्ये बेलोमॉन्टने त्याला बोस्टनमध्ये अटक केली.

लंडनमध्ये हे प्रकरण राजकीय झालं होतं. बड्या सरदारांचा पैसा गुंतलेला असल्यामुळे विरोधक सरकारवर तुटून पडले. मे १७०१ मध्ये खटला चालला. मूरच्या खुनाचा एक आणि चाचेगिरीचे पाच असे आरोप होते. किडचा बचाव एकच होता, "जहाजांवर फ्रेंच परवाने होते, ते माझ्याकडून घेतलेत, न्यायालयापुढे आणा." परवाने आणले गेले नाहीत. ते सापडत नाहीत, असं त्याला ऐकावं लागलं.

न्यायालयाचं दुसरं म्हणणं मात्र वजनदार होतं. परवाने असतील असं धरलं, तरी जहाज न्यायालयापुढे का आणलं नाही? निकालाआधीच माल का वाटला? याचं समाधानकारक उत्तर किडकडे नव्हतं. २३ मे १७०१ ला त्याला टेम्स नदीकाठी फाशी दिलं. पहिल्यांदा दोर तुटला, म्हणून पुन्हा लटकवलं. मृतदेह नदीकाठी साखळ्यांमध्ये टांगून ठेवला.

ते दोन्ही परवाने पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या सरकारी दफ्तरात सापडले. म्हणजे त्याबाबतीत किड खरं बोलत होता. त्याने तो निर्दोष ठरतो का? यावर आजही दोन मतं आहेत. पण लंडनमध्ये ज्याची सुनावणी झाली ती किडच्या गुन्ह्याची. ज्यांचा माल गेला, त्या आर्मेनियन आणि सुरती व्यापाऱ्यांचा माल त्यातून परत आला नाही.

'क्वेडा मर्चंट'चे अवशेष २००७ मध्ये डोमिनिकन रिपब्लिकच्या कॅटालिना बेटाजवळ उथळ पाण्यात सापडले.

मग कान्होजी आंग्रे कोण?

परवान्याचं हे राजकारण आपल्या समुद्रात आधीपासून होतं. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकातच 'कार्ताझ' नावाचा परवाना सक्तीचा केला होता. तो नसेल तर जहाज जप्त. पुढे मराठा आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे यांनीही कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांना आपलं दस्तक घ्यायला लावलं. इंग्रज त्यांना चाचा म्हणायचे. पण कान्होजी मराठा राज्याचे अधिकारी होते आणि आपल्या किनाऱ्यावरचा राज्याचा हक्क बजावत होते. इंग्रज स्वतः दुसऱ्यांच्या जहाजांना परवाने देत होते, पण कान्होजींचा परवाना मागण्याचा हक्क मान्य करत नव्हते.

चाचा कोण आणि सरकारी माणूस कोण, हे बऱ्याचदा कागद कुणाचा यावर आणि तो कागद मानणारा कोण यावर ठरायचं.

हे सगळं थांबलं कधी?

त्यासाठी १८५६ उजाडावं लागलं. क्रिमियन युद्धानंतर पॅरिसमध्ये जमलेल्या देशांनी जाहीर केलं की, प्रायव्हेटिअर पद्धत बंद. तटस्थ झेंड्याखालचा शत्रूचा माल, युद्धसाहित्य वगळता, पकडता येणार नाही. शत्रूच्या जहाजातला तटस्थांचा मालही सुरक्षित राहील. म्हणजे डच दोनशे वर्षांपूर्वी मागत होते ते तत्त्व शेवटी मान्य झालं. अमेरिकेने मात्र त्या जाहीरनाम्यावर सही केली नाही.

प्रश्न मात्र पूर्ण मिटलेला नाही. १९ नोव्हेंबर २०२३ ला लाल समुद्रात हुथी बंडखोरांनी 'गॅलेक्सी लीडर' हे मालवाहू जहाज ताब्यात घेतलं. झेंडा बहामाजचा, मालकी इस्रायली उद्योगपतीशी जोडलेल्या कंपनीची, चालवायला घेतलेलं जपानी कंपनीने, आणि निघालेलं तुर्कस्तानहून गुजरातमधल्या पिपावाव बंदराकडे. जहाजावरच्या २५ खलाशांमध्ये एकही इस्रायली नव्हता. त्यांची सुटका व्हायला जानेवारी २०२५ उजाडलं.

हुथी काही प्रायव्हेटिअर नाहीत आणि आजचा सागरी कायदाही खूप पुढे गेलेला आहे. पण जहाज नेमकं कुणाचं हे कशावरून ठरवायचं? झेंड्यावरून, मालकावरून, मालावरून की खलाशांवरून? 'क्वेडा मर्चंट'च्या वेळी हाच प्रश्न होता. आणि त्याचं उत्तर ठरेपर्यंत जहाजावरची माणसं अडकून राहतात, हेही तेव्हापासून बदललेलं नाही.